ऱ्हाईनफेल्डनचा एक दिवस: आधी काय, नंतर काय आणि पाण्यात कधी उतरायचं

मे महिना आला की बाझल आणि झुरिकच्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा, मावशी, आतेभाऊ येऊ लागतात. डोंगर पाहून झाले आणि गुडघे बोलू लागले की कोणीतरी सुचवतं, "एक दिवस ऱ्हाईनफेल्डनला जाऊन या. नदी आहे, जुनं गाव आहे, पूल ओलांडला की जर्मनी, शिवाय मिठाच्या कोमट पाण्यात डुंबता येतं." सल्ला चांगलाच आहे. पण माझ्याकडे येणारे दहातले सात प्रश्न "आमचा दिवस फुकट गेला, काय चुकलं?" अशाच धर्तीचे असतात. चूक बहुधा क्रमाची असते. लोक सकाळी उत्साहात आधी पाण्यात उतरतात. मग ओल्या केसांनी गाव फिरतात, पुलावर पासपोर्ट शोधतात आणि संध्याकाळी जड पिशव्या घेऊन भलत्याच स्टेशनावर उभे राहतात.

खालचा क्रम मी पाहुण्यांच्या बऱ्याच तुकड्या नेऊन, आपटून-धोपटून बसवलेला आहे. जमेल तितका तसाच पाळा.

टप्पा १: कोणतं ऱ्हाईनफेल्डन, ते आधी ठरवा

या नावाची गावं दोन आहेत, ऱ्हाईनच्या दोन काठांवर समोरासमोर. दक्षिण काठावरचं स्वित्झर्लंडच्या आरगाउ कँटनमधलं (कँटन म्हणजे तिथलं राज्य), उत्तर काठावरचं जर्मनीतलं. जर्मन गावाच्या नावापुढे कंसात "बाडेन" असतं. मोबाइलच्या नकाशात ते "बाडेन" सहज नजरेतून सुटतं. भरीला स्वित्झर्लंडमध्ये बाडेन नावाचं आणखी एक स्नानाचं गाव आहे, झुरिकच्या बाजूला. गोंधळ तिथून सुरू होतो.

मिठाच्या पाण्याचं स्नानगृह, जुन्या वेशी, बुरूज, कारंजी हे सगळं स्विस बाजूला आहे. हे गाव ११३० मध्ये त्सेरिंगन घराण्याने वसवलेलं. समोरचं जर्मन गाव १८९८ साली सुरू झालेल्या जलविद्युत केंद्राभोवती आणि कारखान्यांभोवती वाढलं आणि त्याला शहराचा दर्जा १९२२ मध्ये मिळाला. म्हणून जर्मन स्टेशनावर उतरून "जुनं गाव कुठे आहे?" असं विचारत फिरू नका. ते नदीपलीकडे आहे.

बाझलहून निघताना गाडी बाझलच्या स्विस मुख्य स्टेशनावरून घ्या, बाडिशर बानहोफ या जर्मन रेल्वेच्या स्टेशनावरून नको. एक्सप्रेस घ्या की लोकल, पाव तासाच्या आसपास पोचता. झुरिकहून थेट गाडी आहे, साधारण तासाभराची. बाझलचा मासिक यू-आबो पास स्विस ऱ्हाईनफेल्डनपर्यंत चालतो. पाहुण्यांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तोही चालतो. नदीपलीकडची गाडी मात्र जर्मन रेल्वेची. "पास आहेच की" म्हणत परतताना तिकडून चढू नका.

तपासा: परतीच्या गाडीवर स्टेशनाचं नाव नुसतं "ऱ्हाईनफेल्डन" दिसतंय ना? पुढे कंस दिसला तर थांबा.

टप्पा २: आठ दिवस आधी कागद आणि वार

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "आमच्या आईचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे. पूल ओलांडून जर्मनीत गेलो तर तो संपेल का?" नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी २००८ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहे. शेंगेनच्या एका देशातून दुसऱ्या देशात जाणं म्हणजे बाहेर पडणं नव्हे. १८० दिवसांतल्या ९० दिवसांची मोजणी दोन्ही काठांवर एकच चालते.

पण व्हिसा चालतो म्हणजे कागद लागत नाहीत, असं नाही. जर्मनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्विस सीमेवर तात्पुरती तपासणी सुरू केली आणि पुढे तिची मुदत वाढवत नेली. पुलावर दर वेळी कोणी अडवतं असं नाही. कित्येकदा चिटपाखरूही नसतं, आणि घात नेमका तिथेच होतो. दहा वेळा कोणी विचारत नाही, म्हणून अकराव्या वेळी पासपोर्ट घरी राहतो. आमच्या एका मावशीचा असाच राहिला. मोबाइलमधला फोटो दाखवून भागेल, असं तिला वाटलं होतं. ते भागलं नाही. बाकीचे पलीकडे कॉफी प्यायले आणि मावशी स्विस काठावरच्या बाकावर माझ्याबरोबर बसून राहिली. आजही तो विषय निघाला की ती माझ्याकडेच बघते.

कागद असे घ्या:
- पाहुण्यांसाठी मूळ पासपोर्ट, त्यावर व्हिसा. झेरॉक्स नको, फोटो नको.
- इथे राहणाऱ्यांसाठी परमिटचं कार्ड आणि पासपोर्ट, दोन्ही. नुसतं परमिट पुरेसं नाही.
- प्रवास-विम्याचा कागद. तो पुलासाठी नाही, पाय घसरला तर लागतो.

आता वार. रविवारी दोन्ही काठांवरची बहुतेक दुकानं बंद असतात. खरेदी मनात असेल तर रविवार टाळा. नुसतं फिरणं आणि स्नान असेल तर रविवारही चालेल, पण स्नानगृहात गर्दी असेल. माझी पसंती मंगळवार ते गुरुवार. गावातलं फ्रिकटालर संग्रहालय मोजक्याच दिवशी उघडं असतं. ते पाहायचं असेल तर आधी त्यांच्या वेळा बघा आणि वार त्याप्रमाणे ठरवा.

फेल्डश्लोस्शनची बीअर भट्टी स्टेशनच्या मागेच दिसते. लांबून राजवाडा वाटतो, आहे कारखाना, १८७६ पासूनचा. आत जायचं तर फेरी आधी नोंदवावी लागते. आयत्या वेळी दारात जाऊन "जरा बघू द्या" म्हटलं तर चालत नाही. भट्टी आणि स्नान मात्र एकाच दिवशी ठेवू नका. फेरीत बीअर चाखायला मिळते आणि बीअर पिऊन गरम मिठवणीत (मिठाच्या पाण्यात) उतरणं हा शहाणपणा नव्हे.

स्नानगृहाचे तीन नियम आधीच त्यांच्या संकेतस्थळावरून वाचून ठेवा: लहान मुलांसाठी वयाची अट, पोशाखाची अट आणि तिकीट तासांवर आहे की दिवसाचं.

टप्पा ३: आदल्या रात्रीची पिशवी

इथे घाई केली की दुसऱ्या दिवशी पैसे जातात. टॉवेल, बाथरोब भाड्याने मिळतात, पण चौघांचा हिशेब केला की एका जेवणाचे पैसे होतात.

माणशी दोन टॉवेल घ्या, एक अंग पुसायला आणि एक आरामखुर्चीवर अंथरायला. रबरी चपला घ्या, बाहेर घालायच्या नकोत, वेगळ्या आणि स्वच्छ. लांब केसांना बांधायला दोन-तीन रबर घ्या. पाण्याची बाटली. ओला पोशाख ठेवायला जाड प्लास्टिकची पिशवी, कारण मिठाचं पाणी चामड्याच्या पर्समध्ये झिरपलं की डाग जात नाही.

पोशाखाबद्दल स्पष्टच लिहितो. आपल्याकडच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत लोक अंगावरच्या कपड्यांनिशी उतरतात, त्यामुळे घरातली मोठी माणसं "माझा जुना सलवार-कुर्ता चालेल" असं गृहीत धरतात. इथे सुती कपडे पाण्यात चालत नाहीत. टी-शर्ट नको, बर्म्युडा नको, आतली चड्डी घालून वर स्विमिंग शॉर्ट हेही नको. पोहण्याच्या कापडाचा, अंगाला बसणारा पोशाख लागतो. आईला, सासूबाईंना तोकडा पोशाख नको असेल तर पोहण्याच्या कापडाचाच लांब बाह्यांचा वरचा भाग आणि पायघोळ लेगिंग मिळते. ती घ्या, आणि "अशी चालेल ना?" हे एका ईमेलने आधी विचारून ठेवा. तिकीट काढल्यावर दारात वाद घालण्यापेक्षा हे बरं.

दागिने घरीच. चांदी मिठवणीत काळी पडते, त्यामुळे जोडवी आणि पैंजण आदल्या रात्री काढून ठेवायला सांगा. ऐन वेळी बोट सुजलेलं असतं आणि साबण लावून जोडवं ओढत बसावं लागतं. मंगळसूत्र काढणार नाही म्हणणाऱ्यांना मी आग्रह करत नाही, फक्त ते दोऱ्यात ओवलेलं असेल तर दोरा कुजका नाही ना, एवढं बघायला सांगतो.

सावध: आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी दाढी, वॅक्सिंग, पायांवर रेझर हे काहीही करू नका. मिठवणीत गेल्यावर का सांगत होतो ते लगेच कळतं.

टप्पा ४: सकाळी जुनं गाव, दीड-दोन तास

साडेनऊपर्यंत स्टेशनावर उतरा. गावाचा मुख्य रस्ता, मार्क्टगासे, पाचेक मिनिटांवर आहे. तो उताराने सरळ नदीच्या दिशेला नेतो, म्हणजे जाताना चाल सोपी आणि येताना थोडी चढाची. गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर हे लक्षात ठेवा.

पाहण्याचा क्रम माझा असा असतो: आधी वरचे बुरूज, मग सांक्ट मार्टिन चर्च, मग नदीकाठचं नगर सभागृह, शेवटी पूल. वेशीचा ओबरटोअर बुरूज आणि करकोच्याच्या घरट्याचा बुरूज हे वरच्या अंगाला आहेत. आधी खाली पुलापाशी गेलात तर ते पाहायला पुन्हा कोणी वर चढत नाही. चर्च बाहेरून साधं दिसतं, म्हणून लोक दारावरूनच परततात. आतली बरोक सजावट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. नगर सभागृहाचं अंगण उघडं असलं तर आत डोकवा. त्याला काही तिकीट नाही.

डिसेंबरात येणार असाल तर एक गोष्ट निराळी आहे. २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री काळे झगे आणि काळ्या टोप्या घातलेले बारा जण कंदील घेऊन गावातल्या कारंज्यांपाशी थांबत-थांबत गाणी म्हणतात. १५४१ च्या प्लेगपासूनची ही प्रथा आहे. तो कार्यक्रम नाही, व्रत आहे. कीर्तनात समोर उभं राहून आपण सेल्फी काढतो का? तसंच इथे. फ्लॅश बंद ठेवा, वाटेत उभे राहू नका, टाळ्या वाजवू नका.

तपासा: पुलाकडे निघण्याआधी प्रत्येकाने पासपोर्टला प्रत्यक्ष हात लावून पाहायचा. "बॅगेत असेल" हे उत्तर चालत नाही.

टप्पा ५: पूल ओलांडणं

पूल १९१२ चा, स्विस अभियंते रॉबर्ट मायार यांनी बांधलेला. आधीचा लाकडी पूल १८९७ मध्ये जळाला. २००६ मध्ये महामार्गाचा नवा पूल झाल्यापासून या जुन्या पुलावर खासगी मोटारी जात नाहीत. म्हणून गाडीने येणाऱ्यांनी "पूल ओलांडून पलीकडे पार्किंग करू" असा बेत करू नये. गाडी स्विस बाजूलाच लावा आणि चालत जा. चाल पाच मिनिटांचीही नाही.

पुलाच्या मध्यावर डाव्या-उजव्या हाताला झाडीचं बेट लागतं. पूल त्याच्यावरच टेकलेला आहे. एके काळी तिथे किल्ला होता, आता बाकडी आहेत. पाहुण्यांना वाटतं की बेट म्हणजेच सीमा. ती तिथे नाही. बेट स्विस हद्दीत आहे, सीमा त्यापुढच्या पाण्यात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दोन्ही काठ ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे होते. १८०३ मध्ये दक्षिण काठ आरगाउत गेला आणि घरासमोरची नदी सरहद्द झाली. आजोबांना एवढी गोष्ट सांगितली की त्यांना पूल कळतो. बाकीचा इतिहास फलकांवर आहे.

सावध, पाणी: बेट आणि स्विस काठ यांच्यामध्ये सांक्ट आना लोख नावाची जागा आहे. तिथे नदीचा तळ अचानक सुमारे ३० मीटर खोल जातो आणि पाणी गरगरतं. बाझलमध्ये उन्हाळ्यात लोक पोहण्याच्या पिशव्या घेऊन ऱ्हाईनमध्ये तरंगत जातात, ते पाहून आलेली तरुण मंडळी इथेही उडी मारायच्या गोष्टी करतात. इथे नाही. पायसुद्धा ओले करायला खडकांवर उतरू नका.

सावध, फोन: काठावर उभं राहिलात तरी मोबाइल समोरच्या देशाचं नेटवर्क पकडतो. स्विस सिमला जर्मनीत आणि जर्मन सिमला स्वित्झर्लंडमध्ये रोमिंग मोफतच असेल असं धरून चालू नका. युरोपीय संघाची मोफत रोमिंगची सवलत स्वित्झर्लंडला लागू नाही. भारतातून "युरोप" लिहिलेलं ई-सिम आणणाऱ्यांच्या यादीत कधी कधी स्वित्झर्लंड नसतं. पुलाआधी डेटा रोमिंग बंद करा आणि परतल्यावर नेटवर्क कोणतं आहे ते बघून चालू करा. आतेभावाने बेटावरून घरी व्हिडिओ कॉल लावला होता. कॉल झाला फार छान.

सावध, पैसे: पलीकडे युरो, अलीकडे फ्रँक. अलीकडची बरीच दुकानं युरोच्या नोटा घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये देतात आणि दर त्यांचा असतो. भारतीय कार्ड वापरताना मशीन "रुपयांत की स्थानिक चलनात?" असं विचारतं. नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये ओळखीचे वाटतात, पण त्या दरात मशीनवाल्याची कमाई असते.

टप्पा ६: खरेदी (करायचीच असेल तर)

माझं मत आधीच सांगतो: स्नान आणि खरेदी एका दिवशी नको. चार किलो सामान लॉकरमध्ये मावत नाही आणि खरेदीच्या रांगा दुपार खातात. पाहुण्यांना जर्मन चॉकलेट आणि साबण-शांपू घ्यायचेच असतील तर एक तास, एक दुकान, हातात मावेल तेवढंच.

चुका दोन ठिकाणी होतात.

पहिली चूक खरेदीवर भरलेला जर्मन कर (व्हॅट) परत मिळवण्याची. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला हा कर परत मिळू शकतो, पण एका बिलाची रक्कम ५० युरोंच्या वर हवी. दुकानातच निर्यातीचा फॉर्म मागायचा, त्यावर नाव-पत्ता भरायचा आणि माल, बिल, पासपोर्ट यांच्यासह जर्मन कस्टम्सचा शिक्का परत ओलांडण्याच्या आधी घ्यायचा. स्विस काठावर आल्यावर आठवलं तर उपयोग नाही. तिथे शिक्का मिळत नाही. त्या वेळी शिक्का देणारं कार्यालय उघडं आहे ना, हे खरेदीआधी पाहा, बिल झाल्यावर नव्हे. शिक्का मारलेला फॉर्म पुढे त्याच दुकानात परत द्यायचा असतो आणि पैसे तेव्हा मिळतात. पाहुणे परवाच्या विमानाने मुंबईला जाणार असतील तर हा खटाटोप करूच नका.

दुसरी चूक स्विस बाजूला आणायच्या मर्यादेची. जुने लोक अजून ३०० फ्रँक धरून चालतात. १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा माणशी दिवसाला १५० फ्रँक आहे. तिच्यावर गेलात तर कर वरच्या रकमेवर नाही, सगळ्या रकमेवर लागतो. काही वस्तूंना याशिवाय वजनाची मर्यादा आहे: मांस माणशी १ किलो, लोणी आणि क्रीम मिळून १ किलो, तेल-चरबी-मार्गारीन प्रकारात ५ किलो. दारू १८ टक्क्यांपर्यंतची ५ लिटर, त्यावरची १ लिटर, तीही १७ वर्षं पूर्ण झालेल्यांनाच. चौघांत मिळून एकच ३०० फ्रँकची वस्तू घेतली तर ती चौघांत वाटून दाखवता येत नाही. जास्तीचं सामान असेल तर कस्टम्सच्या क्विकझोल ॲपवर आधीच जाहीर करून पैसे भरा. पकडल्यावर सांगणं आणि आधी सांगणं यांत दंडाचा फरक आहे.

टप्पा ७: जेवण, आणि मग थांबणं

साडेबाराच्या आत जेवा. हलकं. बटाट्याचं सॅलड, सूप, ब्रेड. किंवा घरून आणलेले ठेपले आणि दही नदीकाठच्या बाकावर बसून. पोळी-भाजी आणि वर श्रीखंड असं साग्रसंगीत जेवण असेल तर पुढचा टप्पा तीन तासांनी ठेवा. गरम पाण्यात रक्त कातडीकडे धावतं, पोटात जेवण तसंच पडून राहतं आणि माणसाला मळमळतं. उपाशीपोटीही उतरायचं नाही, चक्कर येते. जेवणानंतर दीड तास हे आमचं घरगुती माप आहे.

त्या दीड तासात नदीच्या स्विस काठाने प्रवाहाच्या उलट दिशेला, म्हणजे पूर्वेकडे चालत राहा. स्नानगृह त्याच बाजूला आहे, जुन्या गावापासून रमत-गमत पंधरा-वीस मिनिटांवर. वाटेत बाग आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी बस आहे.

तपासा: कोणाला उघडी जखम, ताप, त्वचेवर चट्टे आहेत का? रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारून झालंय का? तिकीट काढण्याआधी, रांगेत उभं असतानाच विचारा. आत गेल्यावर कोणी कबूल करत नाही.

टप्पा ८: मिठवणीत उतरणं

आधी गैरसमज काढू. हे उन्हेऱ्याचं किंवा वज्रेश्वरीचं पाणी नाही. इथे जमिनीतून कढत पाणी येत नाही. १८४४ मध्ये या भागात कोळशासाठी भोक पाडताना खाली मिठाचा थर लागला. त्या थरात पाणी सोडून ते विरघळलेलं मीठ वर काढतात, त्याला जर्मनमध्ये "झोले" म्हणतात. आपली मिठवणीच. स्नानगृहात ती साध्या पाण्यात मिसळून तापवतात. मोठ्या तलावांत मिठाचं प्रमाण सुमारे ३ टक्के, म्हणजे समुद्रापेक्षा किंचित कमी. एक वेगळा, छोटा तलाव १२ टक्क्यांचा असतो. तिथे अंग आपोआप वर येतं. (याच परिसरातलं बरंचसं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला जातं. पाहुण्यांना हे सांगितलं की मीठ या विषयावरचा भक्तिभाव जरा कमी होतो.)

आता क्रम.

पहिलं, कपडे बदला, लॉकरची पट्टी मनगटाला घट्ट बांधा. फोन लॉकरमध्ये. आत फोटो काढायला मनाई असते, आणि एरवीही कोणाच्या अंगावर कॅमेरा रोखू नये.

दुसरं, साबण लावून पूर्ण अंघोळ. अंगावरचं तेल, डोक्यातलं तेल, उटणं, अत्तर सगळं धुवायचं. "स्नानाआधी तेल लावलं की मीठ चढत नाही" असं सांगून एक काकू डोक्यावर पॅराशूट थापून आल्या होत्या. पाण्यावर तवंग आला आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर बोलावलं गेलं.

तिसरं, केस वर घट्ट बांधा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र काढा.

चौथं, ३ टक्क्यांच्या तलावात पायऱ्यांनी उतरा, उडी नाही, सूर नाही. पंधरा ते वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. पाणी कोमट आणि सुखाचं असतं, म्हणून वेळ कळत नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहा.

पाचवं, बाहेर या, शॉवर घ्या, टॉवेल अंथरून पंधरा-वीस मिनिटं आडवे व्हा, पाणी प्या. लोक हा टप्पा गाळतात. "पैसे दिलेत तर बसायचं कशाला?" आमच्या बाबांनी असं म्हणून सलग पाऊण तास पाण्यात काढला, उठताना कठडा धरला आणि तिथेच बसले. तेव्हापासून मी उठवायला जातो.

सहावं, तब्येत ठीक वाटत असेल तरच १२ टक्क्यांच्या तलावात. तिथे दहा मिनिटं पुरे. पाठीवर झोपा, मान सैल सोडा, हातपाय हलवू नका. पोहायला गेलात की पाणी उडतं आणि डोळ्यात जातं.

सावध: डोळ्यात गेलंच तर हाताने चोळू नका, हातालाही मीठच असतं. डोळे मिटून कडेला या आणि गोड्या पाण्याच्या नळाखाली धुवा. जवळ नळ कुठे आहे ते आत उतरण्याआधीच बघून ठेवा.

सातवं, पुन्हा विश्रांती, आणि हवं तर मोकळ्या आकाशाखालच्या तलावात एक शेवटची फेरी. थंडीत इथे वाफा येतात आणि माणूस रेंगाळतो. तिकिटाच्या वेळेत अंग धुणं आणि केस वाळवणंही धरायचं असतं. वेळ संपायच्या अर्धा तास आधी निघा.

आता सॉना. स्नानगृहातला सॉनाचा भाग वेगळ्या दारामागे असतो आणि तिथला नियम तलावांच्या बरोबर उलट: कपडे चालत नाहीत. स्त्रिया आणि पुरुष एकत्र, अंगाखाली फक्त टॉवेल. दारावर पाटी असते, पण ती जर्मनमध्ये. "जरा वाफ घेऊन येतो" म्हणत चुलत सासऱ्यांनी ते दार उघडलं होतं. दोन सेकंदांत परत आले आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पाहुण्यांना हे तिकीट काढतानाच सांगा, तिथे उभं राहून समजावायला जमत नाही.

आवाज खालच्या पट्टीत ठेवा. आपण चौघे एकत्र आलो की पाण्यातसुद्धा लग्नघर होतं. इथे बाजूचा माणूस डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाठीसाठी आलेला असतो.

टप्पा ९: बाहेर आल्यावर

गोड्या पाण्याने अंग नीट धुवा. काही जण "मीठ अंगात मुरू द्यावं" म्हणून तसेच कपडे घालतात आणि गाडीत खाजवत बसतात. धुतल्यावर साधं खोबरेल तेल किंवा मलम लावा. काकूंचं पॅराशूट आता काढा, त्याची वेळ आत्ता आहे.

केस पूर्ण वाळवा. उन्हाळा असला तरी नदीकाठी संध्याकाळी वारा बोचतो. पाणी प्या, काहीतरी खारट-गोड खा आणि दहा मिनिटं दाराजवळच्या खुर्चीत बसा. उठल्या उठल्या स्टेशनच्या चढाला लागू नका. वयस्कर कोणी असेल तर बसच घ्या.

तपासा: जोडवी, चष्मा, श्रवणयंत्र, पासपोर्ट. लॉकर पूर्ण उघडून वरच्या फळीवर हात फिरवा. चष्मे नेहमी तिथेच राहतात.

घरी पोचल्यावर पोशाख त्याच रात्री साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पिळू नका. सकाळपर्यंत तसाच ठेवलात तर त्याची इलास्टिक गेलेली असते. आणि रात्रीचं जेवण लवकर उरका, कारण साडेनऊला सगळे पाहुणे झोपलेले असतात.